‘पूर्वी इथे आदिवासी राहत’ असा फलक लावण्याआधी

ऑगस्ट जवळ आला की नाशिकमधल्या शाळा, गृहनिर्माण सोसायट्या, ट्रेकिंगचे गट आणि ग्रामपंचायती एकाच धर्तीचे प्रश्न विचारू लागतात. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन, १५ नोव्हेंबरला बिरसा मुंडा जयंती. त्या निमित्ताने काहीतरी करायचं असतं. ‘आमच्या भागाच्या आदिवासी इतिहासाचा फलक लावायचाय, मजकूर काय लिहू?’ ‘डोंगरावर कोरीव दगड दिसला, कोणाला कळवू?’ ‘दिंडोरीकडे घेतलेल्या जमिनीत शेंदूर लावलेला दगड आहे, हलवला तर चालेल का?’ पाड्यांवरून येणारा प्रश्न वेगळा असतो : ‘रस्ता आमच्या देवाच्या जागेवरून आखलाय. ही जागा आमची आहे हे आम्ही कशाने दाखवायचं?’

हे सगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. शहरातल्या माणसाने हौसेने केलेली नोंद नीट केली, तर पाड्यावरच्या माणसाला ती उद्या पुरावा म्हणून उपयोगी पडते. धसमुसळेपणाने केली, तर तीच त्याच्या विरोधात जाते. म्हणून क्रमाने पाहू.

पहिली दुरुस्ती : भूतकाळ काढा

बहुतेक फलकांचे मसुदे ‘पूर्वी या परिसरात आदिवासी राहत असत’ या वाक्याने सुरू होतात. २०११च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्यात दर चार माणसांमागे एक अनुसूचित जमातीचा आहे. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांत तर दहांतले नऊहून अधिक. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत हंगामभर राबणारे मजूर मोठ्या संख्येने याच तालुक्यांतून येतात. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या शेतकरी मोर्चात सोललेले तळपाय तुम्ही टीव्हीवर पाहिलेत, त्यांतले बहुतेक याच डोंगरांतल्या लोकांचे होते आणि त्यांची एक मुख्य मागणी वनजमिनीच्या हक्काची होती. जे लोक हक्क मागत आहेत त्यांना ‘असत’ म्हणून मोकळं होता येत नाही.

मेलबर्न किंवा टोरांटोतले नातेवाईक सांगतात की तिथे सभेच्या सुरुवातीला ‘ही भूमी मूळची अमुक लोकांची’ असं म्हणायची पद्धत आहे. आपणही म्हणावं का? म्हणायला हरकत काहीच नाही. पण नाशकात ज्यांचं नाव घ्यायचं ते लोक एसटीने दीड-दोन तासांवर आहेत, बरेचसे शहरातच आहेत. त्यांना सरळ सभेला बोलवा आणि बोलू द्या.

कोण, कुठे : एवढं तरी माहीत हवं

‘आदिवासी’ हा शब्द छत्रीसारखा आहे. फलकावर मात्र छत्रीखालच्या माणसाचं नाव लागतं. जिल्ह्यातले मुख्य समाज आणि त्यांच्याबाबत नेहमी होणाऱ्या गल्लती :

- कोकणा (कागदोपत्री कोकणा, कोकणी, कुकणा अशी रूपं सापडतात) : सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी, बागलाण. किनारपट्टीच्या किंवा गोव्याच्या कोकणीशी यांचा संबंध जोडू नका.
- महादेव कोळी : इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, दिंडोरी, पेठ. मुंबईच्या मासेमार कोळ्यांपेक्षा हा समाज वेगळा.
- वारली : जिल्ह्याची पश्चिम कड. चित्रांमुळे हे नाव सर्वांना ठाऊक, म्हणून कुठलीही भिंत दिसली की वारली माणसं रंगवली जातात. ज्या गावात वारली कुटुंबच नाही तिथे हे करणं म्हणजे शेजाऱ्याच्या घरावर तिसऱ्याचीच पाटी लावणं.
- भिल्ल : बागलाण, मालेगाव, सिन्नर, येवला, निफाड. डोंगराइतकेच सपाटीवरही, गावोगावच्या भिलाट्यांत.
- ठाकर आणि कातकरी : मुख्यतः इगतपुरी-त्र्यंबकेश्वरकडे, ठाकर सिन्नर-अकोल्याच्या बाजूलाही. कातकरी हे केंद्र सरकारच्या यादीत विशेष असुरक्षित आदिवासी गटात मोडतात.

आडनावावरून जमात ठरवू नका. गायकवाड, पवार, देशमुख, चौधरी ही आडनावं इथे अनेक समाजांत आहेत. विचारा, सांगणारा सांगतो.

डोंगरात काय पाहायचं

देऊळ, किल्ला, शिलालेख शोधायची आपल्याला सवय आहे. पांडवलेण्यांत दान देणारे राजे, राण्या, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्या, सगळ्यांची नावं दगडात कोरलेली आहेत. भोवतालच्या डोंगरातल्या माणसांनी आपल्या खुणा अशा कोरून ठेवल्या नाहीत, म्हणून त्या नाहीत असं नाही. त्या ओळखायला डोळा वेगळा लागतो.

वाघदेव घ्या. गावाच्या शिवेवर, बहुधा एखाद्या जुन्या झाडाखाली, लाकडाची किंवा दगडाची उभी फळी असते. तीवर वाघ, वरच्या कडेला सूर्य आणि चंद्र, कधी नाग. शेंदराचे थर इतके चढलेले असतात की वाघाची वळलेली शेपटी तेवढी पहिल्या नजरेत ओळखू येते. ना कळस, ना दानपेटी, ना फलक. ट्रेकला निघालेले गट तिथे सॅक टेकवतात, कारण जागा सावलीची असते. आश्विन वद्य द्वादशीला इतरत्र वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा होते. याच दिवशी इथे वाघबारस असते. गुराखी आणि घरचे लोक वाघदेवापाशी जमतात, नैवेद्य होतो, आणि वर्षभर गुरांना जपण्याचं मागणं वाघापाशीच मागितलं जातं. जंगल कोणाचं आणि शिवार कोणाचं हे गावाने कुठे ठरवलंय, ते या फळीच्या जागेवरून कळतं. ती ‘सुरक्षित ठिकाणी’ म्हणून पंचायतीच्या कार्यालयात नेऊन ठेवली, की तो अर्थच जातो.

डोंगर स्वतःच देव असतो, हे दुसरं. कळवण, बागलाण, सुरगाणा भागात मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव असतो. कोकणा आणि भिल्ल पुरुष उपास धरतात, रात्री पावरीच्या सुरावर फेर धरून नाचतात. भोपळा आणि बांबू यांची ही पावरी ओळखीच्या कुठल्याच सनईसारखी वाजत नाही. शेवटी पौर्णिमेच्या सुमारास डोंगरातल्या ठरलेल्या ठिकाणी जाऊन पूजा होते. तुम्ही ज्याला ‘सनराइज पॉइंट’ म्हणता तो एखाद्या पाड्याचा गाभारा असू शकतो. मार्गशीर्षात त्या भागात कॅम्पिंग ठरवत असाल तर आधी खालच्या पाड्यात विचारा; आणि नको म्हटलं तर नको.

आणखी काही खुणा :

- चिरे आणि खांब. मेलेल्या माणसाच्या नावाने उभे केलेले दगडी चिरे किंवा कोरीव लाकडी खांब. लाकडी खांब ऊन-पावसात झिजतात, कोणी सरपण म्हणूनही उचलतात. सरसकट सगळ्यांना ‘वीरगळ’ म्हणू नका; प्रत्येक चिरा लढाईत पडलेल्याचा नसतो.
- देवराई. तोड न झालेला झाडांचा दाट पुंजका. कोणती झाडं आहेत यापेक्षा इथून काय उचलायचं नाही हा नियम आधी विचारा.
- नागलीचे उतार. डोंगरउतारावरच्या पट्ट्या, राब भाजलेल्या काळ्या जागा, खळी. आपण यांना ‘मोकळा डोंगर’ म्हणतो. वनखात्याच्या जुन्या कागदात हेच ‘अतिक्रमण’ होतं.
- मेटी. ब्रह्मगिरीच्या अंगाखांद्यावरच्या वस्त्या. गडाच्या चौक्या-पहाऱ्याच्या या जागा. मेटघर किल्ला या ग्रामपंचायतीच्या नावातच गड आणि मेट दोन्ही आहेत. हरिहर किल्ल्यावर जाताना निरगुडपाडा किंवा हर्षेवाडी लागते. किल्ल्याचा इतिहास सांगणारे मार्गदर्शक पायऱ्यांपासून सुरुवात करतात. किल्ला ज्यांच्या पहाऱ्यावर उभा होता ते लोक पायऱ्यांच्या आधी भेटतात.
- बोहाड्याचा चौक. उन्हाळ्यात मुखवटे घालून देवांची सोंगं निघतात ती जागा. एरवी ती नुसती मोकळी जमीन दिसते, म्हणून सभामंडपासाठी पहिली नजर तिच्यावरच जाते. जुना मुखवटा कोणी विकत देऊ केला तर घेऊ नका.

कागदात काय सापडतं आणि ते कसं वाचायचं

सर्वांत सहज मिळणारा कागद म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा खंड, नाशिक, १८८३. राज्य गॅझेटियर विभागाने जुने खंड इंटरनेटवर ठेवले आहेत. माहिती भरपूर आहे, पण लिहिणारा राज्यकर्ता आहे हे विसरू नका. ज्याला तो दरोडेखोर म्हणतो त्याला पाड्यावर नाईक म्हणतात.

या जिल्ह्याचं १८५७ तुम्हाला शाळेत बहुधा शिकवलं गेलं नसेल. भिल्लांचे पुढारी भागोजी नाईक यांच्याशी ऑक्टोबर १८५७ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या नांदूर शिंगोटे इथे चकमक झाली. तीत इंग्रज पोलीस अधिकारी हेन्री मारला गेला. पुढे दोन वर्षं भागोजी हाती लागले नाहीत; नोव्हेंबर १८५९ मध्ये मिठसागरे इथे ते लढताना पडले. त्याच १८५७च्या डिसेंबरात त्र्यंबकच्या खजिन्यावर भिल्ल आणि ठाकरांनी हल्ला केला, हरसूलचा बाजार लुटला गेला, आणि पेठ संस्थानच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या भगवंतरावांना इंग्रजांनी फाशी दिलं. त्याआधी सह्याद्रीच्या याच रांगेत राघोजी भांगरे या महादेव कोळी बंडकऱ्याने इंग्रजांना आणि सावकारांना जेरीस आणलं होतं. ते शेजारच्या अकोले तालुक्यातले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. १९३०च्या जंगल सत्याग्रहात कळवणकडचं चणकापूर पेटलं होतं. आज ते नाव धरणामुळे माहीत आहे.

हे वापरताना दोन पथ्यं. एक, इंग्रजी नोंदीतली विशेषणं भाषांतर करून फलकावर चढवू नका. घटना, ठिकाण, तारीख घ्या. दुसरं, एखाद्या वीराची जात-जमात कोणती यावर वाद असेल तर तो फलकावर निकालात काढू नका. असे वाद तुमच्या चार ओळींनी मिटत नाहीत, फक्त फलक फुटतो.

मराठीत वाचायचं तर डॉ. गोविंद गारे यांच्या पुस्तकांपासून सुरुवात करा. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं ग्रंथालय आणि संग्रहालय पाहण्यासारखं आहे. भाषांसाठी भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड (२०१३) आहे. बाकी आदिवासी विकास आयुक्तालय नाशकातच आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी एक फेरी वाचते.

पाड्यावर विचारायला जाताना

इथे लोक सर्वांत जास्त चुकतात, म्हणून जरा तपशिलात.

1. वेळ पाहा. भात-नागली निघाली की पेठ-सुरगाण्याची कितीतरी घरं जगायला बाहेर पडतात, बागायतीत किंवा बांधकामावर. मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं उरतात. आवणी उरकल्यापासून दसऱ्यापर्यंत किंवा शिमग्याच्या दिवसांत माणसं घरी भेटतात.
2. सरपंचापाशी थांबू नका. एका ग्रामपंचायतीत चार-पाच पाडे असतात आणि देवाची जागा ज्या पाड्याची, बोलायचा मान त्याचा. भगत, जुने गुराखी आणि वयस्क बायका. बायकांना वेगळं भेटा. पाणवठा, कंदमुळं, सुईणपण यांच्या जागा पुरुषांना धड ठाऊक नसतात.
3. कशासाठी विचारताय ते पहिल्याच वाक्यात सांगा, आणि जमलं तर लिहून द्या. डोंगरात वही घेऊन आलेला माणूस म्हणजे मोजणीवाला, हा धडा इथल्या लोकांना अनुभवाने मिळालाय.
4. काय लिहायचं नाही ते विचारा. काही कथा ठराविक विधीच्या वेळीच गायच्या असतात, काही जागांचे फोटो चालत नाहीत. ‘सगळं सांगा’ असा आग्रह धरू नका.
5. त्यांच्याच बोलीत नोंदवा. रेकॉर्डिंगचं नंतर प्रमाण मराठीत रूपांतर करा, पण मूळ ठेवा. त्याची एक प्रत पाड्यातल्या शाळेत किंवा शिकलेल्या पोरापाशी द्या.
6. मजुरी बुडवू नका. दिवसभर डोंगर दाखवत फिरणाऱ्याला दिवसाची मजुरी द्या. चहा-बिस्किटावर इतिहास गोळा करायची आपली जुनी खोड आहे.
7. नेमकं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. मूर्ती आणि खांब चोरीला जातात. गर्दी झाली की देवराईत प्लास्टिक येतं.
8. औषधी वनस्पतींची माहिती छापू नका. ती गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीमार्फत लोक जैवविविधता नोंदवहीत जाऊ द्या. जैवविविधता कायदा २००२ खाली या समित्या झालेल्या आहेत. आपल्या गावची नोंदवही कागदावरच आहे की खरोखर भरलीय, तेवढं विचारून घ्या.

फलकाचा मजकूर

चुकीचा नमुना सहज सुचतो : ‘येथे पूर्वी निसर्गपूजक, भोळे आदिवासी बांधव राहत असत.’ यात एकही माहिती नाही, आणि ‘भोळे’ हा शब्द जमिनी गेलेल्या माणसाला चिडवल्यासारखा वाटतो.

त्याऐवजी असं काही :

‘हा वाघदेव ______ पाड्यातील महादेव कोळी आणि कोकणा कुटुंबांचा आहे. वाघबारशीला येथे पूजा होते. चप्पल काढून पुढे या. दगडाला हात लावू नका, शेंदूर-तेल वाहू नका. फोटोसाठी पाड्यात विचारा. मजकूर : ______ ग्रामसभेच्या ठरावानुसार.’

शेवटची ओळ गाळू नका. फलक कोणाच्या संमतीने लागला हे त्यावरच दिसलं पाहिजे. देणगीदाराचं नाव मागे, लहान अक्षरात.

मजकूर ठरवताना वस्तीच्या नावाचा मुद्दा हमखास येतो. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२० मध्ये घेतला आणि हेतू चांगलाच होता. पण ठाकरवाडी किंवा भिलाटी हे नाव तिथल्या लोकांना अपमानाचं वाटतं की आपलं वाटतं, हे त्यांनीच ठरवायला हवं. एका वस्तीला जे नाव नकोसं असेल ते दुसरीने अभिमानाने धरून ठेवलेलं असतं. बदल करायचाच असेल तर वस्तीचा ठराव आधी, पंचायतीचा नंतर.

उघड्यावरच्या देवाला सिमेंटचं देऊळ बांधून द्यायची कल्पना हाही असाच विषय. पुष्कळदा पाड्यालाच देऊळ हवं असतं, आणि त्यांना नको म्हणणारे आपण कोण? मात्र वर्गणी देताना देवाचं नाव बदलायची, पुराणातला कुणीतरी देव तिथे आणून बसवायची अट घालू नका. कणसरी ही धान्याची देवता आहे. तिला अन्नपूर्णा म्हटल्याने तिचा मान वाढत नाही.

घेतलेल्या जमिनीत देव निघाला तर

त्र्यंबक, दिंडोरी, इगतपुरीकडे फार्महाऊससाठी जमीन घेणाऱ्यांना हे सांगणं भाग आहे.

- दगड हलवू नका, कुंपणाबाहेर तर नाहीच नाही. आधी पाड्याशी बोला. गावाने रूढीने चालवलेली वहिवाट भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ने मानलेली आहे. खरेदीखत झालं म्हणून ती आपोआप संपत नाही. वर्षातून दोन-तीन दिवसांसाठी फाटक उघडं ठेवायचा साधा लेखी समजुतीचा कागद पुढची भांडणं टाळतो.
- जमीन मुळात कोणाची होती ते पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ नुसार आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जात नाही, आणि विक्रीसाठी त्यावर शासनाची मान्यताही लागते. नोटरी केलेला करारनामा आणि मुखत्यारपत्र यांच्या जोरावर ‘सगळं क्लिअर आहे’ सांगणारा दलाल भेटला तर तिथूनच परत फिरा. सातबाऱ्याचे जुने फेरफार पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका.
- खोदताना मूर्ती, नाणी, भांडी निघाली तर काम थांबवून तहसीलदार-जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. राज्य पुरातत्त्व खात्याचं विभागीय कार्यालय नाशकात सरकारवाड्यात आहे.

पाड्यावरच्या वाचकांसाठी : खूण म्हणजे पुरावा

आता तुमच्याशी. देवाची जागा, चिरा, जुनी विहीर यांना कायद्यात किंमत आहे, आणि ती बऱ्याच दाव्यांत वापरलीच जात नाही.

वनहक्क कायदा २००६च्या नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळं अशा जुन्या खुणा तीत आहेत. सामूहिक दाव्यासाठी देवराया, पवित्र झाडं, पाणवठे, चराईच्या जागा आहेत. दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाबही चालतो. एकापेक्षा जास्त पुरावे हवेत, एवढंच. ‘कागद नाही म्हणून दावा नाही’ असं कोणी सांगत असेल तर त्याला हा नियम दाखवा.

- सामूहिक हक्कांसाठी नमुना ब, सामूहिक वनसंसाधनासाठी नमुना क. वैयक्तिक प्लॉटचा नमुना अ भरला म्हणजे देवराई आली असं होत नाही. कित्येक गावं इथेच थांबतात.
- वनहक्क समितीसोबत हद्द फिरा. प्रत्येक देवाची जागा, ओढा, चिरा कच्च्या नकाशावर मांडा आणि मोबाइलवर तारखेसह फोटो काढा.
- ग्रामसभेला किमान निम्मे सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. ही संख्या भरली नाही की पुढे दावा यावरच अडतो. म्हणून सभा माणसं गावात असताना लावा.
- ग्रामसभेचा ठराव मान्य नसेल तर साठ दिवसांत उपविभागीय समितीकडे, तिच्या निर्णयाविरुद्ध साठ दिवसांत जिल्हा समितीकडे जाता येतं. महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रात २०२० पासून त्यावर विभागीय समितीकडे अपिलाची सोय झाली आहे. नाकारल्याचं कारण लेखी मागा. तोंडी नकाराला अपील करता येत नाही.

दुसरा कायदा पेसा, १९९६चा. गावाच्या रूढी, परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधनं जपण्याचा अधिकार तो ग्रामसभेला देतो. राज्याच्या २०१४च्या नियमांनुसार पाडा किंवा पाड्यांचा समूह स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येतो. ठराव उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जातो. ज्या पाड्याचा आवाज मोठ्या गावाच्या सभेत बुडतो त्याच्यासाठी ही वाट आहे.

मात्र पेसा सगळ्या जिल्ह्याला लागू नाही. तो फक्त अनुसूचित क्षेत्रात चालतो. ही क्षेत्रं ठरवणाऱ्या १९८५च्या आदेशात पेठ, सुरगाणा आणि कळवण हे तालुके आहेत. दिंडोरी, इगतपुरी, नाशिक, बागलाण यांतली ठराविक गावं आहेत. त्र्यंबकेश्वर तालुका नंतर झाला, त्यामुळे त्याची गावं आदेशात नाशिक तालुक्याखाली शोधावी लागतात. त्र्यंबकेश्वरखाली गावाचं नाव सापडलं नाही म्हणून परत फिरलेले लोक आहेत. सिन्नर-येवल्याच्या भिल्ल वस्त्यांना पेसाचा आधार नाही. वनहक्क कायदा मात्र वनजमीन असेल तिथे सगळीकडे चालतो.

नासधूस झाली किंवा व्हायच्या बेतात असेल तर

सिंहस्थाच्या तयारीने नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यांना वेग आला आहे. रुंदीकरणात शिवेवरचा देव पहिला जातो, कारण शीव नेमकी रस्त्याच्या कडेला असते.

- झालं असेल तर : अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पवित्र असलेल्या वस्तूची मोडतोड किंवा विटंबना हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली, २०१५च्या दुरुस्तीनंतर, स्पष्ट गुन्हा आहे. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. ठेकेदाराच्या जेसीबीचालकापेक्षा काम कोणी दिलं त्याचं नाव तक्रारीत यायला हवं.
- व्हायचं असेल तर : २०१३च्या भूसंपादन कायद्यात अनुसूचित क्षेत्रातल्या संपादनाला ग्रामसभेची पूर्वसंमती लागते. राष्ट्रीय महामार्गासाठी वेगळा कायदा वापरला जातो, तिथे हा आधार तोकडा पडतो; पेसाखालची ग्रामसभेशी सल्लामसलत तरी मागा.
- आखणी कुठून आहे कळत नसेल तर : माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. ‘रस्त्याची माहिती द्या’ असं मोघम लिहू नका. आखणीचा नकाशा, संयुक्त मोजणीचा अहवाल, तोडायच्या झाडांची यादी आणि ग्रामसभेच्या ठरावाची प्रत, या चार गोष्टी वेगवेगळ्या ओळींत मागा.

शहरातल्या ज्यांनी आधी फोटो आणि नोंदी केल्या असतील, त्यांचं काम इथे पडतं. तारखेचा फोटो, सांगणाऱ्याचा जबाब, जुन्या गॅझेटियरचं पान, हे सगळं त्या ग्रामसभेच्या हाती सोपवा आणि बोलायचं काम तिच्यावरच सोडा. संयुक्त मोजणीची तारीख मिळाली की त्या दिवशी पाड्यातली दोन-चार जाणती माणसं मजुरी सोडून हजर राहतील अशी व्यवस्था करा. मोजणीच्या नकाशात देवाच्या जागेची खूण त्याच दिवशी घालून घ्या आणि पंचनाम्यावर सही करण्याआधी तो मोठ्याने वाचायला सांगा.